चालून आल्यावर बीपी १७२, आंघोळीनंतर १०४. चालणं बंद करू का?

सातारकर_वाहक

नमस्कार मंडळी. वय ६९, राहणार सातारा. एसटीत ३३ वर्षं वाहक होतो, २०१४ ला निवृत्त झालो. बीपी त्याच्या आधीपासूनचं. सध्या तीन गोळ्या चालू आहेत: सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोर्थॅलिडोन १२.५, रात्री जेवणानंतर अम्लोडिपिन ५. साखर नाही. तंबाखू २००९ साली सुटली ती सुटलीच.

निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यातच घरात बसवेना. सगळं आयुष्य गाडीत उभं राहून गेलं, घाटात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजत. तेव्हापासून रोज पहाटे पाचला उठतो, अजिंक्यताऱ्याच्या चढाने ‘चार भिंती’ नावाच्या ठिकाणापर्यंत जातो, वर थोडा टेकतो आणि खाली येतो. तासाभराचा फेरा. पाऊस अगदीच झोडपत असला तर खाडा, एरवी नाही. आम्ही पाच-सहा जण आहोत, सगळे साठीच्या पुढचे.

आता अडचण सांगतो. दिवाळीत मुलाने पुण्याहून बीपीचं मशीन आणून दिलं, दंडाला पट्टा बांधायचं. दुसऱ्या दिवशी चालून आलो, बूट काढले आणि घाम पुसता पुसता पट्टा बांधला. १७२/८४. मशीनचं काहीतरी चुकलं असेल म्हणून लगेच परत लावलं, १६४/८२. सूनबाई शेजारीच उभी होती, तिचा चेहरा उतरला. पुढचे तीन दिवस मुद्दाम तसंच मोजलं, तिन्ही दिवस १६० च्या वर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडे लिहून ठेवले आहेत.

त्यानंतरच्या दिवशी उलटंच झालं. चालून आलो, मोजलं तर १६८. कडक पाण्याने आंघोळ केली, पाटावर बसून पूजा केली आणि उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी. देवघराची चौकट हाताला लागली म्हणून पडलो नाही. हिने आडवं केलं, सूनबाईने मशीन लावलं: १०४/६२. पावणेसातला १६८ आणि साडेसातला १०४, एकाच माणसाचं.

घरात ठराव झाला आहे की चालणं बंद. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, एवढा चढ रोज चढतोस तर गोळ्या कशाला हव्यात, गोळ्यांनीच तुझं बीपी पडतंय, सोडून दे. त्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी गोळ्या सोडल्या, मला काही होत नाही म्हणतो. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, पण उत्तर देता येत नाही. चालण्याने बीपी वाढतं का उतरतं? या वयात चढ चढावा का? चालणं सोडायची वेळ आली तर फार जड जाईल मला, हे मोकळेपणाने सांगतो.


ट्रेडमिल_ताई, मिरज

काका, नमस्कार. मी डॉक्टर नाही. मिरजेला २६ वर्षं ट्रेडमिल टेस्टच्या खोलीत काम केलंय. माणसाला पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर बीपी घ्यायचं, हेच माझं काम. तेव्हा जे रोज डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

बसल्यावर ज्याचं वरचं बीपी १३० आहे त्याचं चढावर १८०, २०० होतं. होतंच, आणि व्हायलाच हवं. पायाच्या स्नायूंना रक्त जास्त लागतं, हृदय जोरात ढकलतं, वरचा आकडा चढतो. खालचा मात्र जागेवरच राहतो, तुमचाही बघा, ८४ आणि ८२. आमच्या खोलीत वरचं २५० किंवा खालचं ११५ ओलांडलं की टेस्ट थांबवायची, असा नियम. आणि खरं सांगू का, आम्हाला धास्ती वाटायची ती चालता चालता बीपी खाली यायला लागलं की. तेव्हा हाताचा झटका देऊन पट्टा बंद करायचो. तेव्हा चढ उतरून आल्या आल्या १७२ दिसलं, ते तुमच्या नुकत्याच संपलेल्या मेहनतीचं बीपी आहे. तुमच्या आजाराचा आकडा तो नव्हे.

आजाराचा आकडा कसा घ्यायचा ते नीट सांगते, कारण घरोघरी इथेच चुकतं. चालल्यानंतर, चहानंतर, जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडी किंवा अढी नको. पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइलसुद्धा नको. बाही वर करून उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी जेवायच्या आधी, असे सात दिवस. पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना तेही बघा, आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

आता उतरतं कसं ते. चालताना स्नायूंकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात. रक्त जोरात वाहिलं की त्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने त्या पसरतात. तुम्ही थांबता, हृदय शांत होतं, पण त्या वाहिन्या बराच वेळ सैलच राहतात. काही तास, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत बीपी नेहमीपेक्षा खाली असतं. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड करण्याला किंमत. वयाने वाहिन्या जुन्या रबरी नळीसारख्या ताठर होतात, म्हणून साठीनंतर वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. नळी काही नवी होत नाही, पण नियमित चालणाऱ्याची थोडी सैल राहते. बीपी असलेल्या माणसाचं नियमित झपाझप चालण्याने वरचं सरासरी पाच ते आठ अंकांनी उतरतं. म्हणजे एका सौम्य गोळीएवढं काम. तुमच्या तीन गोळ्या आहेत, तेव्हा तिन्हींचं काम चालण्यावर टाकता येणार नाही हे तुम्हीच मांडून बघा.

१०४ चं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या सकाळी काय काय एकत्र आलं बघा. चालण्याने वाहिन्या सैल, कडक पाण्याने कातडीखालच्या आणखी सैल, घामाने पाणी गेलेलं, क्लोर्थॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी म्हणजे तिनेही पाणी गेलेलं, आणि पाटावरून एकदम उठणं. रक्त पायात साचलं, डोक्याला कमी पडलं. चढापेक्षा मला या पडण्याची भीती जास्त वाटते, खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो.

म्हणून घरी येताना शेवटची दहा मिनिटं सावकाश चाला, दारात येऊन एकदम थांबू नका. पोटऱ्या हे रक्त वर ढकलणारे पंप आहेत, ते हळूहळू बंद करायचे. आल्यावर पाणी प्या. आंघोळ अर्ध्या तासाने आणि कोमट पाण्याने. पाटाऐवजी स्टूल घ्या. आणि डॉक्टरांकडे जाऊन झोपून आणि मग उभं राहून बीपी मोजून मागा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० ने पडत असेल तर गोळ्यांचा हिशेब त्यांना परत मांडावा लागेल. तुम्ही मनाने मांडू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी नेहमीएवढी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरची नाडी बघून वेग ठरवू नका. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. बसून, शांत असताना १८०/११० च्या घरात असेल तर त्या दिवशी चढ नाही, आधी डॉक्टर. आणि छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर दवाखाना, तिथूनच, घरी न येता.


पाढेवाल्या_बाई, डोंबिवली

भाऊ, मी ७१ वर्षांची, प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. माझे दोन्ही गुडघे गेलेले, तुमच्यासारखा डोंगर मला होणार नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिने मला भिंतीला टेकून बसायचा व्यायाम लावून दिला. पाठ भिंतीला, पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि पाठ घसरवत थोडं खाली येऊन तिथेच थांबायचं. ती म्हणाली, २०२३ साली २७० चाचण्या एकत्र करून अभ्यास छापून आलाय, जवळजवळ सोळा हजार माणसांचा, सगळ्या वयांची माणसं. त्यात चालणं-धावणं-सायकल यांनी वरचं बीपी साडेचारच्या आसपास उतरलेलं, आणि असं एका जागी स्नायू आवळून धरण्याने आठच्या आसपास. मला खरं वाटेना, भिंतीला टेकून कुठे बीपी उतरतं. पण करून बघितलं.

पूर्ण खुर्चीसारखं खाली बसायचं नाही हं, आपल्या वयाला ते नाही. मी चार बोटं घसरले तिथून सुरुवात केली, वीस सेकंद. भिंतीवर पेन्सिलीने खूण करत गेले. आता वीतभर खाली येते. दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं विसावा, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पाय अनवाणी, खाली रबरी चटई. आमच्या फरशीवर मी पहिल्याच दिवशी घसरता घसरता वाचले. बाजूला खुर्ची ठेवते, हाताला असावी म्हणून.

श्वास कोंडायचा नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. जोर लावताना आपण नकळत श्वास धरतो आणि बीपी एकदम उसळतं. वजन उचलणाऱ्या पहिलवानांचं श्वास कोंडून पायाने वजन रेटताना मोजलं तेव्हा वरचं ३०० च्या पार गेलं होतं, असं भाचीने सांगितलं. म्हणून मी मोठ्याने पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा म्हणताना श्वास कोंडताच येत नाही. नातवंडं पलीकडच्या खोलीतून चुका काढतात. भिंतीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडलाय, मुलगा रंग द्यायचा म्हणतो, मी नको म्हटलंय.

माझं बीपी दहा आठवड्यांत १४८ वरून १३९ वर आलं, गोळ्या त्याच. आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा. ज्यांना हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे त्यांनी तर नक्कीच.


निळवंडे

मोठं लिहीत नाही. माझे वडील, ७२. रोज चालायला लागले, तीन महिन्यांत बीपी १२६/७८ दिसायला लागलं. बीपी बरं झालं म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या, आम्हाला सांगितलं नाही. १२६ होतं ते गोळ्या आणि चालणं दोन्ही मिळून होतं. पाच आठवड्यांनी पहाटे चारला उजवा हात उचलेना. आता काठी घेऊन चालतात, बोलणं पूर्ण परत आलेलं नाही. काका, तुमच्या मित्राचं ऐकू नका. आणि जमलं तर त्यांनाही थांबवा.


सातारकर_वाहक

सगळ्यांचे मनापासून आभार. निळवंडेकर, तुमचं वाचून हिने मला परत वाचायला लावलं.

ताई, तुम्ही सांगितलं तसं सात दिवस मोजलं, पाच मिनिटं भिंतीकडे बघत गप्प बसून. सरासरी १३६/७६. या आठवड्यात चालणं चालू होतं. पण हिची धास्ती काही जाईना. डॉक्टर परगावी आहेत, बारा दिवसांनी भेटणार. तोपर्यंत घराबाहेर चढावर पाऊल टाकायचं नाही, असं तिने देवासमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं. शब्द दिला आहे, पाळणार. मोजणं चालू ठेवतो.


सातारकर_वाहक

नऊ आठवड्यांनी लिहितोय. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सांगतो.

ते बारा दिवस मी घरात काढले. भाजी आणायला पायी जायचो तेवढंच. खाणंपिणं तेच, गोळ्या त्याच. शेवटच्या पाच दिवसांची सरासरी १४७/८० आली. कॅलेंडरवर दोन्ही आठवडे शेजारी शेजारी दिसत होते, हिने स्वतः बोट ठेवून वाचले. अकरा अंकांचा फरक. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझे बूट दारात काढून ठेवलेले होते. अकरा वर्षं चालतोय तरी फायदा साठून राहिलेला नव्हता, पंधरवड्याच्या आत गेला. हे मला आधी माहीत असतं तर दर पावसाळ्यात आठ-आठ दिवसांचे खाडे केले नसते.

डॉक्टरांनी ताईंनी लिहिलं तसंच केलं, मी न सांगता. पाच मिनिटं झोपवून मोजलं १३४, उभं करून एक मिनिटाने ११८, तीन मिनिटांनी ११२. बावीसने पडलं. रक्त तपासलं, सोडियम थोडं कमी निघालं. त्यांनी क्लोर्थॅलिडोन बंद केली, बाकीच्या दोन तशाच ठेवल्या. म्हणाले, ही गोळी वाईट नाही, पण या वयात तिच्याने सोडियम उतरतं, तुम्ही घाम गाळता, तुम्हाला ती जास्त होतेय. चालणं चालू ठेवा, चढसुद्धा. अंधारी आल्यापासून ही रोज मला मीठ-लिंबाचं सरबत देत होती, ते मात्र बंद करायला सांगितलं. तहान लागेल तसं साधं पाणी. हृदयाची पट्टी काढली, ट्रेडमिल टेस्टही करून घेतली. त्यात माझं बीपी १९० पर्यंत गेलं आणि मला ताई, तुमची आठवण झाली. तिथल्या बाईंना म्हटलं, जाऊ दे, जायलाच हवं.

गोळी बंद केल्यावर पहिले दोन आठवडे सरासरी १४२ वर राहिली, थोडी धाकधूक झाली. मग बाईंचा भिंतीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू केला, मंगळ-गुरु-शनि. माझा डावा गुडघा पहिल्या दिवशी बोलला, म्हणून तीनच बोटं घसरतो. पाढे मला एकोणतीसपर्यंत येत नाहीत, तेव्हा मी सातारा ते स्वारगेटचे थांबे मोठ्याने म्हणतो: लिंब फाटा, पाचवड, भुईंज, सुरूर, शिरवळ. स्वारगेटला पोचेपर्यंत मिनिटही होत नाही, मग उलटा साताऱ्याला यायचं. श्वास कोंडत नाही.

गेल्या आठवड्याची सरासरी १३४/७६, दोन गोळ्यांवर. उभं राहिल्यावर सात-आठने उतरतं, तेवढंच. अंधारी परत आली नाही. आता एवढ्या पहाटे न निघता साडेसहाला निघतो. थंडीत पहाटेचं बीपी तसंही चढलेलं असतं, डॉक्टर म्हणाले, आणि अंधारात खडीवर पाय मुरगळायचं भय वेगळंच. कानटोपी घालतो. उतरून आल्यावर शेवटच्या दोन गल्ल्या हिच्याबरोबर रमत चालतो, ती त्या वळणावर येऊन थांबलेली असते. आंघोळ कोमट, बसायला स्टूल.

आणखी एक सांगायचं राहिलं. गोळ्या सोडलेल्या त्या मित्राला परवा रविवारी घरी चहाला बोलावलं. चहा नंतर देतो, आधी बस म्हटलं. पाच मिनिटं गप्प बसवलं, उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर. १८२/१००. एक मिनिट थांबून परत लावलं, १७८/१००. डोकं दुखत नव्हतं, काही होत नव्हतं, आदल्याच दिवशी माझ्या पुढे चालत होता. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग मी त्याला निळवंडेकरांच्या वडिलांचं वाचून दाखवलं. स्कूटरवर बसवून तसाच डॉक्टरांच्या घरी घेऊन गेलो. गोळी कालपासून चालू झाली आहे. चढ त्याला दोन आठवडे बंद आहे, तोवर आम्ही दोघं सपाटीवर चालतोय.